नाव आपले, जबाबदारी आपली



मोबाइल नाही असे घर आता शोधावे लागेल. दादीकडे बटणांचा फोन, अब्बांकडे स्मार्टफोन, मुलांच्या अभ्यासासाठी आणखी एक आणि भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकणारा राउटर. या वस्तू घरात रुळल्या, पण त्यांच्याबरोबर आलेले शब्द अजून उंबरठ्यावरच उभे आहेत. सिम, पोर्ट, केवायसी, हॉटस्पॉट, ड्युअल बॅण्ड, आयपी, ओटीपी. दुकानदार बोलत जातो आणि आपण मान हलवत जातो. कंपनीचा माणूस फोटो काढतो, अंगठा मागतो, आपण देतो. फोनवर कुणी दरडावून सांगतो की तुमची केवायसी संपली, आणि घरातली शहाणीसुरती माणसेही घाबरतात.

हे शब्द समजण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. त्यांतल्या बहुतेकांच्या मागे एकच प्रश्न उभा असतो : हे कुणाचे आहे? टॉवर कुणाचा, वाय-फाय कुणाच्या नावावर, सिम कुणाच्या नावावर, आणि काही बिघडले किंवा गैरप्रकार झाला तर दार कुणाचे ठोठावले जाणार? हा प्रश्न हातात धरून या महिन्यात आम्ही हे शब्द उलगडत आहोत. उदाहरणे आपल्या मुंबईचीच घेतली आहेत.

रेंज का जाते?

मोबाइलला सेलफोन म्हणतात. त्यातला ‘सेल’ म्हणजे बॅटरीचा सेल नव्हे. शहराचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक अँटेना नेमून द्यायचा, त्या तुकड्याला सेल म्हणतात. मधमाश्यांच्या पोळ्यातली घरे जशी एकमेकांना लागून असतात, तसे हे सेल असतात. बोरिवलीहून फास्ट लोकलने अंधेरीला येताना आपले बोलणे चालूच राहते. तेवढ्या वेळात आपला फोन एका सेलकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे सोपवला जातो. या सोपवण्याला हँडओव्हर म्हणतात. गाडीत मधेच बोलणे तुटले, तर बऱ्याचदा हे सोपवणेच कुठेतरी फसलेले असते.

फोन आणि टॉवर यांच्यामध्ये तार नसते, लहरी असतात. लहरी डोंगराने अडतात, जाड भिंतीने, काँक्रीटने, लोखंडी पत्र्याने मंदावतात. म्हणून चाळीच्या तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत रेंज नसते आणि गॅलरीत आले की येते. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर समोरासमोर दिसतात, पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. उद्यानात आत शिरले की रेंज विरळ होते, कारण तिथे टॉवर कमी आणि आडोसे फार.

आता दुसरा प्रकार पाहा. संध्याकाळी सातच्या सुमारास घाटकोपर स्टेशनच्या पुलावर उभे राहा. फोनवर रेंज पूर्ण दिसते, पण संदेश जात नाही, पैसे भरण्याचे ॲप फिरतच राहते. इथे रेंजची कमतरता नाही, गर्दीची अडचण आहे. वस्तीतल्या नळाला पाणी आहे, पण एकाच वेळी पन्नास घरांनी चावी सोडली तर प्रत्येकाला धार बारीक मिळते, तसे हे आहे. पहिल्या प्रकाराला कव्हरेज नाही असे म्हणतात, दुसऱ्याला क्षमता अपुरी आहे असे. तक्रार करताना हा फरक सांगितला तर कंपनीच्या माणसाला टोलवाटोलवी करता येत नाही.

‘हे कुणाचे?’ या प्रश्नाचे चांगले उदाहरण मेट्रो तीनने दिले. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका. तिचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये. मरोळ नाक्यावर घाटकोपरकडून येणारी मेट्रो एक तिला मिळते. मेट्रो एक पुलावरून धावते, तिच्यात फोन नेहमीसारखा चालतो. मरोळ नाक्याला खाली उतरलेल्या प्रवाशांचे फोन मात्र मुके होत होते. जमिनीखाली बाहेरच्या टॉवरच्या लहरी पोहोचत नाहीत, तिथे बोगद्यात आणि स्थानकांत वेगळी यंत्रणा बसवावी लागते. ती कुणी बसवायची आणि तिचे दर काय, यावरून मेट्रोची बाजू आणि मोबाइल कंपन्या यांच्यात वाद झाला. तोवर तिकीट काढता यावे म्हणून स्थानकांत तिकीट मिळते त्या मजल्यावर मोफत वाय-फाय देण्यात आले. म्हणजे एकाच ठिकाणी मोबाइलचे नेटवर्क नव्हते, पण वाय-फाय होते. अनेकांना हे कोडे वाटले. ते कोडे नाही. मोबाइल नेटवर्क हे कंपनीच्या टॉवरचे जाळे आहे, तर वाय-फाय म्हणजे इंटरनेटची तार एका ठिकाणी आणून तिथून पुढची काही पावले बिनतारी केलेली सोय. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

यावरून घरासाठी एक उपयोगी गोष्ट. घरात रेंज नसेल पण वाय-फाय असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ हा पर्याय शोधून चालू करा. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये तो असतो. मग साधा कॉलही वाय-फायवरून जातो. नंबर तोच राहतो, समोरच्याला काही वेगळे करावे लागत नाही. आतल्या खोलीत आजारी माणूस असेल, तर ही सोय मोलाची आहे.

‘जी’चा घोळ

टू-जी, थ्री-जी, फोर-जी, फाइव्ह-जी यांतला ‘जी’ म्हणजे जनरेशन, पिढी. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा आलेला कॉल घेण्याचेही पैसे पडत. अब्बा-चाचांच्या पिढीला मिस्ड कॉलची भाषा आठवत असेल : एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. इनकमिंग मोफत झाले ते मे २००३ पासून. ती टू-जीची पिढी, बोलणे आणि एसएमएस हेच तिचे काम. थ्री-जीने इंटरनेट हाताशी आणले, फोर-जीने व्हिडिओ सोपा केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी आले. सुरुवातीच्या शहरांत मुंबई होती.

दुकानात हे का माहीत हवे? कारण सिम आणि फोन यांची पिढी जुळावी लागते. जिओचे जाळे सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाले ते फोर-जीवरच. त्याला टू-जी नाही. म्हणून दादीच्या जुन्या टू-जी बटणफोनमध्ये ते सिम घातले तर फोन गप्प बसतो आणि फोन बिघडला असा समज होतो. बटणांचाच फोन हवा असेल, तर फोर-जी बटणफोन मिळतो, तो मागावा. खोक्यावर ‘व्होल्टी’ लिहिलेले असते. व्होल्टी म्हणजे फोर-जीच्या जाळ्यावरून साधा कॉल करण्याची सोय.

दुसरा घोळ राउटरचा. घरच्या वाय-फायची दोन नावे फोनवर दिसतात, त्यांतल्या एकाच्या शेवटी ‘फाइव्ह-जी’ असते. हे पाचव्या पिढीचे फाइव्ह-जी नव्हे. ते आहे पाच गीगाहर्ट्झ, म्हणजे लहरींचा एक पट्टा. बॅण्ड म्हणजे पट्टा, ड्युअल बॅण्ड म्हणजे दोन पट्टे. दुसरा पट्टा २.४ गीगाहर्ट्झचा. २.४ दूर जातो, भिंत बऱ्यापैकी ओलांडतो, पण वेग कमी असतो आणि शेजारच्या सर्व राउटरची त्यावर गर्दी असते. ५ गीगाहर्ट्झ वेगवान, पण एक-दोन भिंतींत थकतो. राउटर ज्या खोलीत आहे तिथे बसून अभ्यास करायचा असेल तर पाचचा पट्टा घ्या, स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायचे असेल तर २.४ चा.

तिसरा शब्द एमबीपीएस. शंभर एमबीपीएसचा प्लॅन घेतला की सेकंदाला शंभर एमबीची फाइल उतरेल असे वाटते. इथे लहान ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठा ‘बी’ म्हणजे बाइट. आठ बिटचा एक बाइट. जाहिरातीतला वेग बिटमध्ये असतो, फाइलचा आकार बाइटमध्ये. म्हणून शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. आणि ‘अनलिमिटेड’च्या खाली बारीक अक्षरांत एफयूपी लिहिलेले असेल, तर ठरावीक वापरानंतर वेग घटवला जाणार आहे, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

उघडे वाय-फाय आणि २००८ ची आठवण

आता मुख्य गोष्टीकडे वळू. आपल्या घरच्या इंटरनेट जोडणीला कंपनी एक क्रमांक देते, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. घरात आठ फोन असोत की दोन, बाहेरच्या जगाला सहसा तो एकच क्रमांक दिसतो. एखादा ई-मेल किंवा संदेश कुठून गेला हे पोलीस शोधतात तेव्हा त्यांच्या हाती हा क्रमांक लागतो. त्या तारखेला, त्या वेळी तो क्रमांक कुणाच्या जोडणीला होता, हे कंपनी सांगते. यातून नाव निघते ते जोडणी घेणाऱ्याचे. फोन कुणाच्या हातात होता, ते त्या क्रमांकावरून कळत नाही.

२००८ साली मुंबईने हे प्रत्यक्ष पाहिले. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. त्याचा माग काढत तपास नवी मुंबईतल्या सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी पोहोचला. त्याचे वाय-फाय सुरक्षित नव्हते. दुसऱ्याच कुणी ते वापरून ई-मेल पाठवला, असे तपासात पुढे आले. पण तोवर त्याच्या घरातला संगणक तपासला गेला होता आणि त्याचे नाव देशभर गाजले होते. ऑगस्टमध्ये असाच एक ई-मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या जोडणीवरून गेल्याचे आढळले. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाच्या ई-मेलचा माग चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायपर्यंत आला. चेंबूर म्हणजे घाटकोपरचे शेजारी उपनगर.

पुढे २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी शहरातली उघडी वाय-फाय शोधण्याची मोहीम जाहीर केली, आणि त्याच फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सुरक्षित वाय-फायबद्दल सूचना दिल्या. त्या काळात निरपराध माणसांवरच्या संशयाचे ओझे आपल्या वस्त्यांनी किती वाहिले, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. एका अमेरिकन माणसाला आपले म्हणणे पटवून देईपर्यंत जे सोसावे लागले, ते एखाद्या साध्या कुटुंबाच्या वाट्याला आले तर काय होईल, याचा विचार घरातल्या कर्त्याने करावा. वाय-फायला नीट पासवर्ड लावणे हे घराला कडी लावण्याइतकेच गरजेचे आहे.

ही कडी लावायची कशी? राउटरच्या मागे चिकटवलेल्या कागदावर दोन पासवर्ड असतात. एक वाय-फाय वापरण्याचा, दुसरा राउटरची व्यवस्था बदलण्याचा. तार जोडून गेलेल्या माणसाला दोन्ही माहीत असतात, आणि दुसरा कित्येक घरांत ‘अ‍ॅडमिन’ असाच राहून जातो. दोन्ही बदला. पासवर्डमध्ये मोबाइल नंबर किंवा मुलाचे नाव ठेवू नका. सुरक्षेच्या प्रकारात ‘डब्ल्यूपीए-टू’ किंवा ‘डब्ल्यूपीए-थ्री’ निवडलेले आहे ना, ते पाहा. ‘वेप’ हा जुना प्रकार फार पूर्वीच कुचकामी ठरला आहे.

या प्रकारांचे काम म्हणजे एन्क्रिप्शन : आपला मजकूर सांकेतिक करून पाठवणे, म्हणजे वाटेत कुणी ऐकला तरी त्याला अर्थ लागत नाही. सांकेतिक लिपीला इंग्रजीत सायफर म्हणतात. हा शब्द अरबी ‘सिफ्र’वरून आला. आपण घरात शून्याला सिफर म्हणतो, तोच. अरबांकडून शून्यासह अंक युरोपात गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर हा शब्दही गेला. मुलांना पासवर्डचे महत्त्व सांगताना ही गोष्टही सांगावी, त्यांना आवडेल.

इथे एक नाजूक प्रश्न येतो. शेजारच्या घरी वाय-फाय नाही, त्यांची मुलगी बारावीला आहे, ती पासवर्ड मागते. काय करावे? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शेजाऱ्याच्या हक्कावर किती भर दिला आहे, हे आपण जाणतो. अभ्यासासाठी मदत नाकारणे कुणाही भल्या माणसाला जड जाईल. पण एकदा दिलेला पासवर्ड तिच्या भावाकडे, त्याच्या दोस्ताकडे, मग गल्लीत जातो, आणि कुणी काय पाहिले किंवा पाठवले याचा जाब आपल्या नावाला विचारला जातो. मार्ग आहे. बऱ्याच राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असते, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड. तो मुलीच्या आई-वडिलांशी बोलून द्यावा, परीक्षा झाली की बदलावा. जोडणी इतरांना देण्याबद्दल कंपनीच्या अटी काय आहेत, तेही पाहावे. कुणाला किती दिवस द्यायचे हे ठरवून दिले, तर शेजारधर्म राहतो आणि घरही सांभाळले जाते.

फोनचा हॉटस्पॉटही असाच. आपला फोन काही वेळ छोटा राउटर होतो आणि आपला डेटा दुसऱ्याला देतो. तो चालू करून विसरू नका. उलट बाजूने, स्टेशनवर किंवा मॉलमध्ये फुकट वाय-फाय दिसले, तर लक्षात ठेवा की वाय-फायला कुणीही कोणतेही नाव देऊ शकतो. स्टेशनचे नाव दिलेले वाय-फाय स्टेशनचेच असेल असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलवर रेलटेल आणि गूगलने मोफत वाय-फाय सुरू केले, तेव्हापासून लोकांना अशी सवय लागली आहे. बातम्या वाचायला ते ठीक. बँकेचे काम मात्र आपल्या मोबाइल डेटावरच करावे.

सिम : चिपवर लिहिलेले नाव

सिममधला ‘आय’ म्हणजे आयडेंटिटी, ओळख. ती बोटाच्या पेरावर मावणारी चिप म्हणजे कंपनीच्या वहीत लिहिलेले आपले नाव. नंबर त्या नावाला बांधलेला असतो. बँक, गॅस, रेशन, मुलांची शाळा सगळे त्या नंबराला बांधलेले. म्हणून कुणी मित्र ‘तुमच्या आधारवर एक सिम काढून द्या’ म्हणाला, तर भिडेपोटी हो म्हणू नका. देवघेवीचे व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करावेत, हे सूरह अल-बकरामध्ये किती तपशिलाने सांगितले आहे. लिहिलेल्या नावाला वजन असते म्हणूनच ना?

केवायसी म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणे. सिम घेताना अंगठा घेतात, फोटो काढतात, ते हेच. पहिला ठसा नीट उमटला नाही असे सांगून पुन्हा अंगठा घ्यायचा आणि गुपचूप दुसरे सिम चालू करायचे, असे प्रकार देशात उघडकीस आले आहेत. उपाय सोपा आहे. दूरसंचार विभागाचे ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ मे २०२३ पासून सुरू आहे, त्याचे ॲपही आहे. तिथे आपला नंबर टाकून आलेला ओटीपी भरला की आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसते. अनोळखी नंबर असेल तर ‘हा माझा नाही’ असे तिथेच कळवता येते. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ही मर्यादा ओलांडली तर दंड आहे, आणि फसवणुकीने सिम मिळवले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ही यादी पाहून ठेवण्याचा आणखी एक फायदा. हल्ली भामटे फोन करतात : “तुमच्या नावावरच्या सिमवरून गुन्हा झाला आहे, दोन तासांत नंबर बंद होईल, चौकशीला व्हिडिओवर बसा.” ज्याने आपली यादी पाहिली आहे, तो डगमगत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. फोनवर कुणाला अटक होत नाही. असे कॉल बहुधा दुपारी येतात, अम्मी किंवा नानी एकट्या असतात तेव्हा. त्यांना एकच वाक्य शिकवून ठेवा : “घरातल्या माणसांना विचारून सांगते,” आणि फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा पासवर्ड. तो आपल्याकडे आलेली अमानत आहे. दुसऱ्याला सांगितला की ती आपल्या हातून गेली. मुलगा आईचा ओटीपी परस्पर वाचून वापरतो, त्यालाही ही शिस्त लावावी.

पोर्ट करणे म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणे. देशभर ही सोय २० जानेवारी २०११ पासून आहे. ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर १९०० वर एसएमएस करायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. कंपनी नीट सेवा देत नसेल तर कुढत बसण्याचे कारण नाही. मात्र हा कोडही ओटीपीसारखाच जपावा. तो फक्त आपण स्वतः गेलेल्या दुकानात द्यावा, फोनवर नव्हे.

आता आखातात असलेल्या आपल्या माणसांबद्दल. भाईजान दुबईला किंवा रियाधला गेले, त्यांचे मुंबईचे सिम कपाटाच्या खणात पडले. ९० दिवस नंबर अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर नव्या ग्राहकाला दिला जातो. मग त्यांच्या बँकेचे संदेश परक्या माणसाच्या फोनवर येऊ लागतात. घरातले वडीलधारे अल्लाहला प्यारे झाले, तरी हाच प्रकार होतो. दुःखात हे सुचत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. नंबर चालू ठेवायचा असेल तर रिचार्ज चुकवू नका. सोडायचा असेल तर आधी बँक, आधार, व्हॉट्सॲप या सर्व ठिकाणी नवा नंबर नोंदवा, मग जुना सोडा.

फोनचे आणि ॲपचे दार

सिमला जसे नाव, तसा फोनला क्रमांक. तो पंधरा आकडी आयएमईआय. डायलवर *#०६# दाबले की दिसतो. तो घरातल्या वहीत लिहून ठेवा. लोकलच्या गर्दीत फोन गेला तर पोलिसांत तक्रार नोंदवून संचार साथीवर हाच क्रमांक देऊन फोन बंद करून घेता येतो. मग त्यात कोणत्याही कंपनीचे सिम घातले तरी तो आपल्याकडे चालत नाही. जुना फोन विकत घेताना ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. फोन बंद यादीत आहे का ते कळते. चोरीचा माल अजाणता आपल्या घरात येऊ नये, याची एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

शेवटचा शब्द परमिशन. नवे ॲप विचारते, फोटो पाहू का, संपर्क वाचू का, तुम्ही कुठे आहात ते कळू दे का? आपण वाचतही नाही, ‘अलाव’ दाबतो. सूरह अन-नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घेण्याचा अदब शिकवला आहे. जो पाहुणा दाराशी येऊन विचारतो, त्याला आत घ्यायचे की नाही हे घरच्यांनी ठरवायचे असते. टॉर्चच्या ॲपला आपल्या घरच्या स्त्रियांचे फोटो कशाला हवेत? सेटिंगमध्ये जाऊन अशा परवानग्या काढून घेता येतात.

या जुम्म्याला जेवणानंतर अर्धा तास काढा. राउटरचे दोन्ही पासवर्ड बदला. प्रत्येकाच्या नावावरची सिम मोजा. आयएमईआय वहीत उतरवा आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर १९३० लिहा. हे काम मुलांकडून करून घ्या, त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर जमते. दादी-नानींना मात्र शेजारी बसवून प्रत्येक शब्दाचा अर्थ समजावून सांगा, कारण भामट्याचा फोन आधी त्यांनाच येतो.

इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात यूपीआय आणि बँकेच्या शब्दांबद्दल बोलू. आपले प्रश्न जरूर कळवा.